पौर्णिमा घर बघून गेली

सतीशने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. ओटी सारवली, पंखा पुसला, शेजारच्या अनितावहिनींकडून पोहे करून घेतले, वर काचेच्या बशाही मागून आणल्या. एवढी बडदास्त कुणी जावयाची ठेवत नाही. पण आईचं करायला बाई मिळावी म्हणून कल्याणच्या ब्यूरोंना फोन करकरून त्याच्या तोंडाला फेस आला होता. मुरबाडपर्यंत सगळे गोड बोलत. सिद्धगडाच्या पायथ्याचं गाव म्हटलं की त्यांच्याकडच्या बायकाच संपत. अखेर शहापूरची पौर्णिमा म्हणाली, आधी घर बघते, मग ठरवते.

आईचं, सकुबाईचं, एक अंग लुळं पडून वर्ष होत आलं होतं. सतीश मुरबाडला कारखान्यात होता. साहेबांनी बजावलं होतं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर येऊच नका. पौर्णिमा राहिली तरच नोकरी राहणार होती.

ती आली. नीटनेटकी, मोकळ्या बोलण्याची. पोहे खाऊन तिने आईला अशी अलगद कुशीवर वळवली की सतीश बघतच राहिला. त्याला रोज घाम फुटायचा. आई अर्ध्या तोंडाने हसली. चांगल्या हाताने तिच्या बांगड्या चाचपत म्हणाली, "नाव काय गो?"

मग पौर्णिमा फोन उंच धरून अंगणभर फिरली.

"दादा, मावशी चांगल्या हायेत. पण माझी पोरगी तिकडं म्हातारीपाशी. इथं रेंजच नाय. रात्री तिला काय झालं तर मला कळायचं कसं?"

तिचा राग यावा असं तरी काय होतं? सतीश तिला फाट्यावर एसटीत बसवून परतला.

आई वाटच बघत होती.

"पोरगी काय म्हनली? पसंत हाय ना तू?"

सतीशला आधी कळेना. मग पोहे दिसले, उसन्या बशा दिसल्या, आणि आईचा समज त्याच्या ध्यानात आला. चाळिशी गाठली तरी त्याच्यासाठी कुणी मुलगी बघायला गेलं नव्हतं; आईचं दुखणं आलं आणि तो विषयच मिटला होता.

"माझ्यामुलं नाय म्हनली का रे?"

"नाय गं आये. मलाच नाय पसंत पडली."

आईचं हसू मावळलं. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"येडा रे येडा. तू पडलास तर तुला कोन वळवल?"

खाली वाकून सतीशने तिला पौर्णिमासारखं अलगद वळवायचा प्रयत्न केला. त्याला ते जमलं नाही.