पंखाखालचा घोडा

कोरीटच्या दगाजी पाटलांचा मुलगा सुकलाल पुण्याहून परतला तो पदवीशिवाय, पण एक ग्लायडर घेऊन. एका बंद पडलेल्या क्लबाने ते मोडीत काढलं होतं. लाकडी सांगाडा, त्यावर रोगण दिलेलं कापड, पुढे-मागे दोन जागा, इंजिन नाही. नंदुरबारच्या एका जिनिंग कारखान्याची जीप लांब दोराने ते ओढी. ते वर चढलं की सुकलाल दोर सोडून देई आणि घारी जिथे घिरट्या घालत असत तिथे जाऊन स्वतः घिरट्या घाली. कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटल्या, की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पाटलांचं तापीकडचं शेत मोकळं असे. तेवढाच त्याचा हंगाम.

ग्लायडर उभं ठेवायला जागा नव्हती. दरवेळी दोन्ही पंख काढून ते खळ्यातल्या पत्र्याच्या खोपीत ठेवावं लागे, आणि उडवायचं झालं की पुन्हा जोडावं लागे. पंखाच्या मुळाशी लोखंडी कान होते. ते धडाच्या कानांत बसवायचे आणि भोकं जुळली की खीळ सारायची. मुळाशी सुकलाल उभा राही. टोकाशी उदेसिंग. तो पाटलांचा सालदार, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावरचा भिल्ल, आखाजी ते आखाजी वर्षाच्या बोलीवर राहिलेला. जीप निघाली की पंखाचं टोक हातात धरून धावणाराही तोच.

"तुले बी वर नेसू," सुकलालने पहिल्याच वर्षी त्याला सांगितलं होतं. "आखाजीले."

त्यानंतर पुढच्या जागेवर जिनिंगच्या मालकाचा मुलगा बसून आला, नंदुरबारचे एक वकील बसून आले, मामलेदारांचा मेहुणा बसून आला आणि वरती ओकला. ते उदेसिंगनेच धुतलं. त्याची आखाजी मात्र दरसाल पुढे जाई. कधी वारा नसे, कधी जीप नसे.

एकसष्टच्या फाल्गुनात पंख खोपीत ठेवताना उदेसिंग म्हणाला, "सुकलालभाऊ, या आखाजीले माले वर ने. नही ते मी पंख धराव नही."

"म्हंजे?"

"म्हंजे शेतनं काम करसू. नांगर धरसू, बैल धरसू. पंख नही."

"धमकी दी ऱ्हायना का तू माले?"

"तू मन्हा मालक शे. धमकी कशी दिसू?" उदेसिंग हसला. "वकिलले इचारं व्हतं का तू, त्यानी धरा का पंख?"

सुकलालने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी त्याने गोष्ट सहज सांगावी तशी सांगितली. दगाजींनी ताट बाजूला सारलं.

"मी अजून बठनू नही त्याम्हा. तुन्ही माय बठनी नही. नि भिल आपला घरवरथून जाई? खाले आमी माना वर करीसन दखसूत?"

"बापा, मी काही कबूल नही करं."

"मंग त्याले तसं सांग."

सांगण्याचं काम सुकलालने केलं नाही. उदेसिंगची गरजच उरू नये अशी व्यवस्था करायचं त्याने ठरवलं. हे त्याला सगळ्यांच्या सोयीचं वाटलं. कोणाला दुखवायला नको, कोणाला उत्तर द्यायला नको.

एकट्याने पंख जोडायचा तर मुळाचं वजन कशावर तरी तोलून धरायला हवं आणि ते बोटा-बोटाने वरखाली करता यायला हवं. पुण्याच्या ओळखीच्या मिस्तरीकडून त्याने नळ्यांची, घडी होणारी तीन पायांची तिकाटणी मागवली. ती हलकी होती, पण काळ्या मातीत तिचे पाय रुतले आणि पहिल्याच वावटळीत ती आडवी झाली. मग त्याने सायकलच्या चाकांचा गाडा करून पाहिला. चाकं ढेकळांत अडकली, हिसका बसला की पंखाचं टोक जमिनीला टेकायला जाई. शेवटी नंदुरबारच्या लोहाराकडून त्याने बुटका गाडा घडवून घेतला. चाकं लाकडी आणि रुंद, मधोमध ट्रकचा स्क्रूचा जॅक, जॅकवर पंखाच्या पोटाच्या आकाराची खोलगट पाळ. टोकाखाली सुताराने केलेला साधा लाकडी घोडा, त्याला पट्टा आणि वाऱ्याने उचलू नये म्हणून वाळूची पिशवी. ग्लायडर शेतात ओढत न्यायला शेपटीखाली एक चाक. लोहार गाड्यालाही घोडाच म्हणे, म्हणून घरात तोच शब्द पडला.

पाळीत काय भरायचं यावर त्याचे दिवस गेले. कडब्याने कापड खरवडलं. गोधडी सरकली. पिंजलेली रुई वजनाखाली दबून फळीसारखी झाली. अखेर त्याने शेवटच्या वेचणीचा सरकीसकट कापूस तरटात शिवला. सरकीमुळे तो दबेना. मुलाला झोळीत ठेवावं तसा पंख त्यात बसे. खोपीच्या शेणाने सारवलेल्या सपाट जमिनीवर सुकलालने एकट्याने पंख जोडला, काढला आणि पुन्हा जोडला.

उदेसिंग बैलांना आंबोण घालायला आला होता. तो दारात थांबून पाहत राहिला.

"नवा सालदार ठेवा का, भाऊ?"

"हाऊ भाकर खास नही, बोलस नही," सुकलाल म्हणाला.

"नि वर बठाले मांगस नही," उदेसिंग म्हणाला आणि पाटी उचलून गेला.

आखाजीच्या दिवशी गाव सुट्टीवर असतं. माहेरी आलेल्या लेकी झोक्यांवर, पुरुष जेवणाच्या पंगतींत. सुकलालने आदल्या दिवशीच जीपने सामान शेतात नेऊन ठेवलं होतं. दुपारी गावाला दाखवायचं होतं, की हे यंत्र आता कोणावर अडत नाही. डावा पंख सकाळीच जोडून झाला. उजवा घोड्यावर आला, कान कानात शिरला, खीळ अर्धी आत गेली. बाकीची अर्धी सारायला जॅक थोडा उचलायचा होता. एक हात खिळीवर, एक दांड्यावर, छाती पंखाला टेकलेली.

तेवढ्यात उदेसिंग आला, दोन्ही बैल घेऊन. पाटलांच्या घरची रीत होती की साल संपलं की सालदाराने जोडी मालकाच्या पुढ्यात आणायची, दावी सोडून मालकाच्या हाती द्यायची. मालक ती नव्या सालदाराच्या हाती देई. दगाजींनी त्याला शेतात पाठवलं होतं.

"दावं ल्या, भाऊ."

"ठेव तठे. दखत नही का?"

उदेसिंगने बैलांच्या गळ्यातली दावी सोडली, सुकलालच्या पायांपाशी ठेवली, वाकून मातीला हात लावला आणि निघाला.

बैलांना सरकी रोजच्या आंबोणातून मिळे. त्यातल्या ढवळ्याने मान वर केली, नाक फुलवलं आणि तो सरळ घोड्याकडे आला. तरटाला त्याने जीभ लावली, मग दात लावले. शिवण उसवली. कापूस बाहेर आला तसा दुसराही आला.

"हट! हट रे!"

दोघांनी कान हलवले. हात सोडला असता तर पंख मुळातून पडला असता. बैलांच्या धक्क्यांनी टोकही लाकडी घोड्यावरून सरकत होतं.

"उदेसिंग! धर! टोक धर!"

उदेसिंग बांधापर्यंत पोचला होता. तो वळला आणि परत आला, पंखाच्या टोकापासून दोन हातांवर थांबला.

"धरस. वर बठाडशी?"

गावाकडून लोक यायला लागले होते. पुढे पांढऱ्या फेट्यात दगाजी. सुकलालने तिकडे पाहिलं.

"आज?" उदेसिंगने पुन्हा विचारलं.

"पहिले बैल हाकल," सुकलाल म्हणाला. "मंग दखू."

उदेसिंगने त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. "मन्हं साल सरनं, भाऊ. दावं तुन्हा पायपाशी शे."

तो बांध ओलांडून गेला. ढवळ्याने पाळीत मुंडी घातली आणि उरलेल्या तरटासाठी वर झटका दिला. शिंग कापडातून आरपार गेलं. बैल घाबरला, मागे ओढला, घोडा कलंडला. अर्ध्या खिळीवर सगळं वजन आलं. आधी लोखंडाचा कान वाकला, मग आतलं लाकूड फुटल्याचा आवाज झाला. लोक पोचले तेव्हा सुकलाल पंखाखाली बसला होता आणि बैल कापूस खात होते.

दगाजींनी बैलांना दावी घातली. मुलाकडे त्यांनी नंतर पाहिलं.

तसं लाकूड आणि तो कान बसवणारा माणूस सुकलालला मिळाला नाही. पुढच्या पावसात खोपीतल्या पंखांना वाळवी लागली. उदेसिंग नवापूरकडच्या एका शेतकऱ्याकडे राहिल्याचं कळलं.

घोडा मात्र टिकला. रुंद चाकं, चांगला जॅक. बैलगाडीचं चाक काढून आसाला वंगण घालायचं असलं की दगाजी तोच मागवत. नव्या सालदाराने, बाज्याने, एकदा त्यावरची खोलगट पाळ हाताने चाचपून पाहिली.

"भाऊ, हाई कसासाठे बनाडेल शे?"

"गाडीसाठे," सुकलाल म्हणाला आणि दांडा फिरवायला लागला.