कुंभारमाशीचं बारसं

संघप्रियाला किडे पटकन कळायचे, माणसं जरा उशिरा. सोलापुरात भाड्याच्या खोलीत एकटी राहून तिनं चार वर्षं कुंभारमाश्यांवर घालवली. मैत्रिणी संसाराला लागल्या, लग्नाचं विचारणारे विचारून थकले. ही आपली माळावर दगडांना चिकटलेली मातीची इवली मडकी शोधत हिंडायची.

अखेर कष्ट फळाला आले. माढ्याकडच्या माळावरची माशी अक्कलकोटकडच्या माशीहून वेगळ्या जातीची निघाली. आजवर तिची कुणी दखलच घेतली नव्हती. नाव ठेवायचा मान आता संघप्रियाचा. या शास्त्रात स्वतःचं नाव ठेवत नाहीत, आपल्या माणसाचं ठेवतात. आणि तिला आपलं माणूस एकच होतं. रविवारी पेढे घेऊन तिनं टेंभुर्णीची एसटी धरली.

तिची आई मीनाबाई दारात ज्वारी पाखडत होती. लोकांच्या ओसऱ्या झाडून तिनं लेकीला शिकवलं होतं.

"आई, या दोन माश्या मूळच्या एकाच घरातल्या. मग इकडची तिकडं जाईनाशी झाली. लाखो वर्षांत रंग बदलला, मडकं घडवायची रीत बदलली. आता भेटल्या तरी ओळख नाही."

"व्हय की. दोन बहिणी लांब दिल्या की तसंच हुतंय. फुडं?"

आईला एका दमात कळलं म्हणून संघप्रिया हरखली. "तिला तुझं नाव देणार आहे मी. कायमचं राहील."

सूप थांबलं.

"किड्याला?"

"मोठा मान असतो तो."

"तुमच्यात आसंल. आमाला लोकांनी जलमभर किड्यामुंगीवानी वागवलं. त्यातनं भाईर काडाया तुला शाळंत घातली. आन् तू शिकून माजं नाव किड्यालाच देतीस?"

एवढ्या शिकलेल्या पोरीला हे आधी सुचू नये? पण नव्हतं सुचलं. संघप्रियाचा चेहरा खर्रकन उतरला.

"कोण वाचतंय असली नावं?" मीनाबाईनं विचारलं.

"जगात आठ-दहा जण."

"मग त्यास्नी सांग, मीनाबाई माणूस हाय."

पुढं तिनं विषय वाढवला नाही. पेढा खाल्ला, भाकरी वाढली, "लई वाळलीस" म्हणाली. ती मायाच संघप्रियाला जास्त लागली.

सोमवारी तिनं माशीवरच्या लेखातलं आईचं नाव पुसलं. त्या जागी दुसरं कुणाचं घालावं म्हणून खूप आठवून पाहिलं. कुणी आठवेना. शेवटी माशीच्या पोटावरच्या पिवळ्या पट्ट्यावरून एक लॅटिन नाव दिलं.

लेख छापून आला, तेव्हा तिनं आईलाच फोन लावला.

"मग, कुणाचं नाव दिलंस?"

"कुणाचंच नाही."

मीनाबाई हळूच म्हणाली, "आगं, तुला माज्याबिगर कुणीच न्हाय व्हय तितं?"

"आहेत की," संघप्रिया म्हणाली, आणि घाईनं फोन ठेवला.