खेळणार का, एवढंच विचारलं होतं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. झाकण उघडताना माझी बिजागरी कुरकुरते, कळफलकावरच्या दोन कळा निखळल्या आहेत आणि चार्जरची वायर काढली की मी लगेच मान टाकतो. वय झालं की माणसं शांत होतात म्हणे. मी काही झालो नाही. मला मुळी स्वस्थ बसताच येत नाही. त्यातून आमच्या सिल्व्हियाचा खेळ अजून पुरा व्हायचा आहे, त्यामुळे सध्या तर माझ्या जिवाला चैन म्हणून नाही. पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काहीच कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हा मी अहिल्यानगरमधल्या एका मालवाहतूक कचेरीत होतो. तेव्हा त्या शहराला सगळे नगरच म्हणत. पहिली काही वर्षं माझे फार लाड झाले. साहेब स्वतःच्या रुमालाने मला पुसत. दसऱ्याला माझ्यावर झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान ठेवलं जाई, आणि दिवसभर कुणी मला हातही लावत नसे. मला मात्र कधी एकदा संध्याकाळ होते आणि कामाला लागतो असं व्हायचं.

मग हळूहळू माझी गती कमी झाली. नवी संगणकप्रणाली आली ती माझ्या अंगाला झेपेना. "हा मेला आता," साहेब म्हणाले आणि मला कपाटात, फायलींच्या ढिगाखाली टाकलं. अंगात जीव असताना कुणी आपल्याला मेला म्हणावं याचं किती वाईट वाटतं, ते तुम्हाला सांगून समजायचं नाही. तिथून मी भंगाराच्या भावात पारनेरला मोहियोद्दीनभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात आलो.

तिथे एक दिवस सिल्व्हिया आली. पारनेरजवळच्या एका वाडीतली मुलगी, नुकतंच शिक्षण संपलेली. तिला सगळ्यात स्वस्त लॅपटॉप हवा होता.

"हा बघा ताई," मोहियोद्दीनभाई मला पुढे सरकवत म्हणाले. "दिसायला असा हाय, पन काळीज चांगलंय. यात लिनक्स टाकून देतो. लई पळंल."

लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि कुणालाही फुकट मिळणारी ती एक संगणकप्रणाली आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना ती उचलून उभं करते. अडचण एकच आहे. घरच्या संगणकावर ती वापरणारे थोडे आणि विखुरलेले, म्हणून खेळ बनवणारे त्यांच्याकडे सहसा बघत नाहीत. मला मात्र त्या दिवशी दुसरा जन्म मिळाला, आणि मी खरोखरच पळायला लागलो.

सिल्व्हियाच्या घरी ती आणि तिचे पप्पा, दोघंच. पप्पा म्हणजे यशया सर. शाळेतून निवृत्त झाले तरी वाडी त्यांना सरच म्हणते. बाहेरच्या खोलीतलं टेबल सिल्व्हियाने मला दिलं आणि माझ्यावर खेळ बनवायला सुरुवात केली. खेळाचं नाव 'करडी'. करडी ही एक शेळी. आठवडे बाजारात तिचं दावं सुटतं, आणि खेळणाऱ्याने तिला गल्लीगल्लीतून बाहेर काढायचं असतं. वाटेत कोथिंबिरीच्या जुड्या, कोबीचे गड्डे, मेथीचे ढीग. करडीने तोंड घातलं की भाजीवाली काठी घेऊन मागे लागते. ही करडी शेजारच्या भागूबाईंच्या शेळीवरून घेतली होती. ती चित्रासाठी उभी राहायची सोडून सिल्व्हियाची वही खायची.

खेळ लहान होता. एका पावभाजीच्या किमतीत देता येईल आणि माझ्यासारख्या जुन्या यंत्रावरही चालेल, असा तिने तो बेतला होता. पहिली गल्ली तयार झाली आणि नेमकी तेव्हाच तिला पुण्यातली नोकरी आली.

सरांना नोकरीचा आनंद झाला आणि दुःखही झालं. सिल्व्हियाला नुसतंच दुःख झालं. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, मी आधी लिनक्सवाल्यांना विचारते. खरोखर खेळणारे पुरेसे निघाले तर पुण्याला नाही म्हणते आणि खेळ पुरा करते. नाही निघाले तर मुकाट्याने जाते."

लिनक्सवर खेळणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथे तिने करडीची माहिती टाकली, किंमत सांगितली आणि खाली विचारलं, 'खेळणार का?' उत्तराला दोन बटणं होती, हो आणि नाही. मग आम्ही वाट बघू लागलो. ती चहा गाळता गाळता मला उघडून बघायची, जेवता जेवता बघायची. तुरळक उत्तरं येत होती. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

अशातच एका दुपारी सिल्व्हिया पारनेरला गेली असताना शेजारचे आबासाहेब आले. सोसायटीच्या निवडणुकीत मतं गोळा करण्यात या माणसाचा हात धरणारा वाडीत कुणी नाही. सरांचा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी विचारलं, आणि सरांनी सगळं सांगितलं.

"मंग एवढा घोर कशापायी?" आबासाहेब म्हणाले. "आपल्या वाडीची लेक उभी राहिलीय अन् आमी गप बसायचं व्हय?"

"अहो आबासाहेब, निवडणूक नाही ती."

"हो हाय, न्हाई हाय, मोजनी हाय. मंग निवडनूक न्हाई तर काय हाय? तुमी फकस्त ते पान माज्या मोबाईलवर धाडा."

मित्रांनो, सर शहाणे होते. त्यांनी नको म्हणायला हवं होतं. पण लेक घरी राहावी असं त्यांना मनातून फार वाटत होतं. त्यांनी पान धाडलं आणि सिल्व्हियाला काही बोलले नाहीत.

संध्याकाळपासून 'हो'चा नुसता पूर आला. सिल्व्हिया खुर्चीवरून उठून खोलीभर नाचली. मी मात्र पुरता हैराण झालो. एकूण एक 'हो' मोबाईलवरून येत होता आणि त्यात लिनक्सचं औषधालासुद्धा नाव नव्हतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी जोरजोरात पंखा फिरवला. तापलो. दोनदा तर बंदही पडलो.

"धूळ बसली वाटतं याच्यात," असं म्हणून तिने मला फुंकर मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबासाहेब हार आणि पेढे घेऊन हजर झाले.

"लई मोठ्या फरकानं आलीस पोरी! खालच्या आळीनं थोडी 'न्हाई' दाबली, ती कुनी दाबली ते मला ठाऊक हाय. पन त्यांचं काय चाललं न्हाई."

"कशात आले मी, आबा?" सिल्व्हियाने विचारलं. आणि विचारता विचारताच तिला कळलं. तिने मला पुढे ओढलं आणि उत्तरांखाली लिहिलेलं एकेक वाचू लागली. 'सिल्व्हियाताईंचं हार्दिक अभिनंदन.' 'सरांची लेक, वाडीची शान.' 'आमच्या घरातली सगळी मतं ताईला.' आणि या सगळ्यांच्या खाली कट्ट्यावरच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'ही बाई फसवते आहे. लिनक्सवर खेळणारे एवढे असते तर आपली ही अवस्था झाली असती का?' कट्टा सांभाळणाऱ्यांनी खुलासा मागितला होता, नाही दिला तर पान काढून टाकणार होते.

"आबा, मला मतं नको होती हो," ती म्हणाली. "खेळणारे हवे होते."

आबासाहेबांच्या हातातला हार तसाच राहिला. "आता ग," ते म्हणाले. "आमाला काय ठाव? मानूस मागाया आला की द्यायचं, एवढंच आमी शिकलो."

ते गेल्यावर सरांनी पान आपणच धाडल्याचं कबूल केलं. सिल्व्हिया त्यांच्यावर चिडली नाही, आणि सरांना तेच जास्त लागलं.

तिने खुलासा लिहिला. तिची बोटं माझ्यावर कशी जड पडत होती, ते मला अजून आठवतं. तिने लिहिलं, 'ही मतं माझ्या वाडीची आहेत. त्यातल्या कुणाकडे लिनक्स नाही. त्यांनी मायेने दिली, पण ती मोजू नका.' मग तिने ती सगळी वजा केली. उरले ते एका रिक्षात दाटीवाटीने बसतील एवढेच. जाता जाता तिने तयार असलेली पहिली गल्ली कट्ट्यावर फुकट ठेवून दिली आणि लिहिलं, 'आवडलं तर खेळा.'

त्यानंतर कट्ट्यावर सगळं सामसूम झालं. ना हो, ना नाही. मला त्या शांततेने अगदी नकोसं केलं. सिल्व्हियाने मला उघडणंच सोडलं, आणि पुण्याला येते म्हणून कळवून टाकलं.

निघायच्या दिवशी सर पिशवी घेऊन फाट्यावर पुढे गेले होते. एसटी सकाळी लवकर येते आणि फार थांबत नाही. सिल्व्हिया चपला घालून, खांद्याला सॅक लावून दारात उभी होती. मला घरीच ठेवायचं ठरलं होतं. मला नीट बंद करून जावं म्हणून ती परत आत आली आणि तिने झाकण उघडलं.

कट्ट्यावर एक मोठी तक्रार येऊन पडली होती. कुठल्याशा थंड देशातल्या एका आजींनी लिहिली होती. 'तुमची शेळी वांग्यांच्या टोपलीमागे अडकते. मागेही येत नाही आणि पुढेही जात नाही. मी आणि माझा नातू रोज शाळा सुटल्यावर प्रयत्न करतो आहोत. आता तो रडतो. हे दुरुस्त करा. आणि पुढची गल्ली कधी देणार?' त्याखाली दुसऱ्याने लिहिलं होतं, भाजीवालीचा आवाज फार बारीक आहे, बाजारात असं कुणी ओरडतं का? तिसरा म्हणत होता, कोथिंबीर खाल्ल्यावर शेळीला पळता आलं पाहिजे. चौथ्याचं तिसऱ्याशी भांडण लागलं होतं. पहिल्या दिवशी फसवते म्हणणाराही त्यात होता, आणि त्याची करडीसुद्धा त्याच टोपलीमागे अडकली होती.

'हो' कुणीच लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी खेळून पाहिलं होतं.

सिल्व्हिया उभ्या उभ्याच वाचत राहिली. मग तशीच सॅकसकट खुर्चीत बसली. "पाचच मिनिटं," ती मला म्हणाली. लांब फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मग परत वाजला. मला वाटलं, आता उठेल. ती उठली नाही.

थोड्या वेळाने सर पिशवी घेऊन परत आले. त्यांना धाप लागली होती.

"गाडी गेली बाळा. कंडक्टरला किती विनवलं मी."

"पप्पा, टोपलीच्या मागे मी जागाच ठेवली नव्हती. शेळी तरी कुठून निघणार बिचारी? हे बघा आता."

सरांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पडद्याकडे वाकून पाहिलं.

"निघाली का?"

"निघाली."

सर पिशवी उचलून आत गेले, आणि आतून तिची लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला. ते पिशवीतले घडी केलेले कपडे परत तिच्यात ठेवत होते. दुपारी सिल्व्हियाने पुण्याला फोन करून नोकरीला नाही सांगितलं.

मित्रांनो, करडी आता दुसऱ्या गल्लीत आहे. खेळ पुरा होईल का, झाला तर विकला जाईल का, आणि तोवर माझी बिजागरी टिकेल का, याची मला रात्रंदिवस धाकधूक असते. तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं यंत्र कपाटात पडलं असेल. त्याला मेलेलं म्हणण्याआधी एकदा उघडून बघा. आणि कुणी काही बनवून तुमच्यासमोर ठेवलं, तर भिडेखातर 'हो' म्हणून पुढे जाऊ नका. त्या 'हो'ने आमचं घर एक दिवस नाचलं आणि पुढे कितीतरी दिवस गप्प झालं. त्यापेक्षा थोडं बसा, खेळून बघा, अडलं तर भांडा. नाही आवडलं तर तसं तोंडावर सांगा. आमची सिल्व्हिया तेवढ्यासाठीच बसून आहे.