जावयाच्या ताटातली कमान

इटलीला मी गेलो दोन आठवड्यांसाठी आणि परत आलो तो पक्का इटालियन होऊन. अमरावतीच्या राजापेठेत चित्रकलेचा क्लास चालवणारा माणूस मी, पण कोणी पिझ्झ्यावर सॉस ओतला की माझा जीव खालीवर व्हायचा. टपरीवर चहा घेताना ज्याला त्याला सांगायचो, तिकडे लोक कॉफी उभ्याने पितात. आपण सगळे चहा उभ्यानेच पितोय, हे काही डोक्यात यायचं नाही. बायको रागिणी शेजारणींना म्हणायची, तिकडची हवा लागली यायले, उतरन हळूहळू.

तिकडच्या एका खेड्यात एक बाई लोखंडी सळईवर कणीक गुंडाळून पास्ता करताना पाहिली आणि मला चक्क रडू आलं. अहो, हे तर आपले सरगुंडे! काडीवर गुंडाळायचे, वाळवायचे, उकडायचे आणि आमरसात बुडवून खायचे. घरी आल्यावर मी सरगुंड्यांचीच कमान रचायला घेतली. पालकाचे हिरवे, साधे पांढरे, बिटाचे लाल. सगळा उन्हाळा त्यात गेला. मुंबईत इटालियन वळणाच्या कलेचं प्रदर्शन भरणार होतं, आणि निवड करणाऱ्या माधवीबाई काम स्वतः पाहूनच हो-नाही सांगणार होत्या. हे जमलं असतं तर माझं काम पहिल्यांदा अमरावतीबाहेर लागलं असतं.

बाई जळगावकडून गाडीने येणार होत्या, आणि नेमकं त्याच दिवशी मला बाळापूरला धोंड्याचं जेवण. अधिक महिन्यातला जावयाचा मान, नाही म्हणायची सोय नाही. म्हटलं, बाळापूर वाटेतच आहे, तिथेच दाखवू. कमानीचे सुटे भाग डब्यात भरले आणि रागिणीला घेऊन सासर गाठलं.

सासूबाईंनी, म्हणजे आशाबाईंनी, डबा उघडला आणि हरखल्याच. सासरे केशवराव शेतीतला माणूस. दर भेटीत मला विचारतात, सध्या काय करून राहिले, आणि उत्तर ऐकून छताकडे बघतात. त्या दिवशी त्यांनी एक लाल सरगुंडा उजेडात धरला.

"जावईबापू, हे तुमी हातानं केले?"

हो म्हटलं. लई सुंदर हायेत, म्हणाले. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिलं कौतुक! आता यावर 'हे खायचे नाहीत, ही कला आहे' असं सांगायला माझी जीभ रेटेना. आंघोळ झाल्यावर सांगू म्हटलं.

तिथेच माती खाल्ली. धोंड्याची आंघोळ म्हणजे तेल, उटणं, कढत पाणी, ओवाळणं. पाटावर बसलो तोवर भुकेने जीव चाललेला. रस-सरगुंड्यांवर असा तुटून पडलो की दुसऱ्यांदा मागितले, तिसऱ्यांदा मागितले, वर रागिणीला ऐकवलं की आईकडून शिक जरा. तेवढ्यात रसातून एक हिरवा वेढा वर आला. त्यामागून लाल. अख्खा इटलीचा झेंडा माझ्या ताटात होता, आणि निम्मी कमान पोटात. शेजारी केशवराव पंगतीला सांगत होते की आमचे जावई कलाकार हायेत, खाऊन पाहा.

माधवीबाई आल्या. सासूबाईंनी त्यांना आधी जेवायला बसवलं. दोन वाट्या रस-सरगुंडे संपवून त्यांनी विचारलं, काम कुठे आहे? मी त्यांना आणखी रसाचा आग्रह केला. शेवटी रागिणीने सगळं सांगून टाकलं. बाई आधी हसल्या, मग हळहळल्या. नुसत्या फोटोंवर निवड होत नाही आणि दुसरी कमान करायला वेळ उरला नाही, असं सांगून त्या निघून गेल्या.

मग केशवरावांनी मला ओसरीवर बोलावलं.

"ते खायाचे नोते का?"

"खायचेच होते, मामाजी."

"खोटं नका बोलू. बारा वर्षांत पैल्यांदा तुमचं काम पाहून मले बरं वाटलं, अन् तेच खाऊन बसलो मी."

डब्याच्या तळाशी एक लाल सरगुंडा उरला होता. शंकरपटाच्या शर्यतीत त्यांच्या बैलजोडीला मिळालेली ढाल बैठकीतल्या काचेच्या कपाटात आहे. तिच्या शेजारी त्यांनी तो ठेवला. कपाटाला कुलूपही लावलं, कारण आशाबाईंचा भरवसा नाही म्हणाले. माझं एकमेव कायमचं प्रदर्शन ते. किल्ली सासऱ्यांच्या खिशात असते. घरी पाहुणा आला की ते आधी कपाट उघडून दाखवतात आणि मग चहा ठेवायला सांगतात.