म्हशीचं आधार कार्ड

लातूरच्या शिवप्पा किराणावाल्यांची मंजुश्री जनावरांची डॉक्टर झाली आणि तिची पहिलीच नेमणूक निघाली इस्लापूरकडच्या खेड्यांवर. काम सरळ होतं. लाळ्या-खुरकुताची लस टोचायची आणि जनावराच्या कानात नंबराचा पिवळा बिल्ला मारायचा. सकाळी आठलाच ती मारुतीच्या पारापाशी पेटी उघडून बसली. माणसं आली, पण जनावरं घरीच बांधून.

"बिल्ला मारला की दूध आटतं म्हणं," साखराबाई म्हणाली. तिच्या गोठ्यात चार म्हशी. ती आणील तर गाव आणील, हे मंजुश्रीच्या लगेच ध्यानात आलं.

तिनं तक्ता लावून रोगाची माहिती सांगितली. दोघांनी जांभया दिल्या. मग तिला वाटलं, जरा हसवावं. हॉस्टेलवर हमखास चालणारा विनोद तिनं काढला: सिंह जिमला जातो आणि माकड त्याला डाएट सांगतं. विनोद संपला तरी सगळे तिच्याच तोंडाकडे बघत होते.

"मंग?" एकानं विचारलं.

मंजुश्रीचे कान तापले. पारावर तंबाखू मळत बसलेल्या म्हाताऱ्या सटवाजींना तिची दया आली.

"बाई, सिंह हितं कुणाच्या दारात बांधलाय? आन् जनावराला जनावरावानीच वागू द्या. कारण तेवढं माणसाचं द्यायचं. ऐका. शेळीनं मालकाचा अर्ज खाल्ला. मालक काठी घिऊन धावला. शेळी म्हणली, हापिसात देला असता तरी गडपच झाला असता, हितं निदान दूध तरी निघंल!"

पार खदखदला. मंजुश्रीही हसली आणि हसताहसता विचारात पडली. शेळीनं काही वेगळं केलंच नव्हतं. कागद दिसला, खाल्ला. पण उत्तर मात्र ऑफिसच्या दहा चकरा मारून आलेल्या माणसाचं होतं.

"एक कोंबडा पहाटे ओरडला," तिनं करून बघितलं, "कारण त्याला मोबाइलचा गजर व्हायचं होतं."

सटवाजींनी मान हलवली. "न्हाई जमलं. हे कारण माणसाचं न्हाई, मोबाइलचं झालं."

मंजुश्रीनं हातातला पिवळा बिल्ला उलटसुलट केला. मग हळूच म्हणाली, "एका म्हशीच्या कानात बिल्ला मारला. दुसरी म्हणली, हे काय गं? पहिली म्हणली, माझं आधार कार्ड. मग फोटो कुठाय? पहिली म्हणली, काढला होता बाई, पण त्यात मी मालकासारखी दिसून राहिले!"

साखराबाईनं तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. तिच्या नवऱ्यानं, दयानंदनं, खिशातून आपलं आधार कार्ड काढलं, नीट बघितलं आणि गुमान परत ठेवून दिलं. त्यावर तर पाराला हसू आवरेना.

डोळे पुसून साखराबाई म्हणाली, "हसवलंस खरं. पण दूध आटंल का न्हाई, ते खरं सांग."

"लसीमुळं दोन-चार दिवस थोडं कमी होईल, मावशी. मग पहिल्यासारखं. पण खुरकूत झाला, तर मात्र खरंच आटेल."

साखराबाईनं पदर खोचला. "हाव. घिऊन या म्हशी," ती दयानंदला म्हणाली.

तिच्या चार आल्या, मग शेजारच्यांच्या, मग सटवाजींची बैलजोडी. दुपारी तीनपर्यंत मंजुश्रीला पाणी प्यायलाही सवड मिळाली नाही. शेवटचं वासरू सोडून ती पेटी आवरत होती, तेवढ्यात साखराबाई चहा घेऊन आली.

"डाक्टरीणबाई, मलाबी एक गोष्ट सुचलीय. दोन म्हशी बोलून राहिल्या. एक म्हणली, ही बाई सुई टोचायच्या आधी गोष्ट सांगती. दुसरी म्हणली, सुई बरी!"

मंजुश्रीला असं हसू फुटलं की अर्धा चहा बशीत सांडला.

"ही जमली," पारावरून सटवाजी म्हणाले.