पळण्याचा सीन

“तात्या, भ्या की जरा! नुसतं काय उभं ऱ्हाताय?”

मोबाइल स्टँडला लावून शिवतेज ओरडत होता आणि आकारामला हसू आवरत नव्हते. सगळा गाव ज्याला भित्रा म्हणत आला, त्याला भिण्यासाठी कोणी अशी विनवणी पहिल्यांदाच करत होते. वीज कडाडली की हा कॉटखाली, तलाठी दिसला की बोळात. घरात विंचू निघाला तर बायको मनुबाई मारायची आणि मग हा काठी घेऊन हजर व्हायचा. तासगावजवळच्या या बेदाण्याच्या शेडवर तो राखणदार होता खरा, पण चोर येऊ नयेत अशी देवाला विनवणी, एवढीच त्याची राखण होती.

शिवतेज शेडच्या मालकांचा मुलगा. पुण्यात इंजिनिअरिंग शिकता शिकता त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला होता. मंगळावरून यान येते आणि नेमके द्राक्षबागेत उतरते, अशी गोष्ट. नेमके तिथेच का, हे कोणी विचारायचे नाही. हंगाम संपून रिकामी पडलेली शेड हेच यान. फवारणीच्या झग्याला चंदेरी कागद डकवला, मोटारसायकलच्या हेल्मेटच्या काचेला आतून अंधुक दिसेल एवढा काळा रंग फासला, की झाला मंगळावरचा प्राणी. ज्या मित्राच्या मापाचा झगा आणला होता तो परीक्षेमुळे आलाच नाही. आता त्या झग्यात मावेल असे एकच माणूस उरले होते, ते म्हणजे मनुबाई.

“ह्यांच्यासंगं जलम काढला,” ती म्हणाली, “आता मंगळाचं काय इशेष!”

सगळे खो खो हसले. हेल्मेट डोक्यावर डुगडुगत होते, म्हणून आकारामनेच मानेभोवती चिकटपट्टीचे वेढे देऊन ते पक्के केले.

“लय आवळू नका,” ती आतून म्हणाली.

सीन सोपा होता. शेडच्या हिरव्या पडद्यामागून धूर यायचा, धुरातून मनुबाईने हात पसरून बाहेर यायचे आणि आकारामसकट सगळ्या गावकऱ्यांनी बांधापर्यंत पळायचे. पहिल्या वेळी धूरच झाला नाही. दुसऱ्या वेळी झाला तो विडीएवढा.

“धूर पायजे, तात्या, धूर!”

आकाराम धावत पलीकडच्या खोलीत गेला. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात ती ही खोली; धुरी चालू असताना जीव गुदमरतो म्हणून आत कोणी थांबत नसे. तिथले घमेले त्याने उचलले. तळाशी पिवळा थर चिकटलेला दिसला, पण तो जुना, जळून गेलेला असेल असे त्याला वाटले. आपल्यामुळे सगळे खोळंबलेत याचीच त्याला जास्त भीती होती. त्याने घमेल्यात निखारे टाकले, वर उसाचे ओले पाचट ठेवले आणि घमेले पडद्याआड मनुबाईच्या पायाशी सरकवले.

या वेळी धूर झकास झाला. शिवतेजने हात वर केला. हात खाली येऊन खूण होण्याआधीच मनुबाई बाहेर आली.

ती वेडीवाकडी चालत होती. एक हात गळ्याशी, दुसरा पुढे पसरलेला.

“एक नंबर, काकू! तसंच!” शिवतेज ओरडला.

गावकरी किंचाळत पळाले. आकारामही वळला, आणि मागून घुमलेला आवाज आला, “आवं!”

त्याने मागे पाहिले. तो हात बाकी कोणाकडे नव्हता, त्याच्याकडेच होता. आणि त्या हाताच्या वर चेहरा नव्हता. काळी काच आणि धूर. ही मनू आहे हे त्याला ठाऊक होते, तरी त्याचे पाय आपोआप उचलले गेले. तो पळाला. बांधाशी बाकीचे थांबून हसत होते, तो बांध ओलांडून बागेत शिरला, वेलींच्या ओळीतून पळतच राहिला.

मग वाऱ्याबरोबर वास आला. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. गंधक.

तो माघारी धावला. मनुबाई गुडघ्यांवरून कुशीवर कलंडली होती आणि शिवतेज अजून शूटिंग करत होता. आकारामने दातांनी पट्टी तोडली. हेल्मेट निघाले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. “मनू! मनू गं!” तो ओरडत होता. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिचे नाव त्याने कधी घेतले नव्हते.

सांगलीच्या दवाखान्यातून ती परत आली, पण दम पूर्वीचा राहिला नाही. पाण्याची घागर उंबऱ्यापर्यंत आणली की ती टेकायची. तो सीन ठेवायचा का, असे शिवतेजने रडवेल्या तोंडाने येऊन विचारले. “ठेव की बाबा,” ती म्हणाली, “एवढं केलंय ते.”

गणपतीत देवळापुढे पांढरा पडदा लावून सिनेमा दाखवला. मंगळावरचा प्राणी आला तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. हाक जिथे होती तिथे आता ढणढण संगीत होते. पडद्यावरच्या आकारामने मागे वळून पाहिले आणि तो पळाला. सगळा गाव हसला.

शेजारी बसलेली मनुबाई हळूच म्हणाली, “मी हाक मारली हुती. पर त्या टोपातनं तुमास्नी कुठनं ऐकू येणार?”

विजेला, तलाठ्याला तो कधी एवढा भ्याला नव्हता.

“आली हुती ऐकू,” तो म्हणाला.

तिच्या छातीतली घरघर त्याला ऐकू येत होती.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “वळून बघितलं की तुमी.”

तिने नजर पडद्यावरून काढली नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि पडद्यावरचा आकाराम वेलींच्या ओळीतून अजून पळतच होता.