हौशा वळणावर दमतो

आमच्या घरात माणसांपेक्षा ट्रकचे लाड जास्त होतात, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पटायला सोपं जाईल. ट्रकचं नाव हौशा. लष्करानं मनसोक्त वापरून लिलावात काढलेला पेट्रोलचा ट्रक, सहा सिलिंडरचा, हिरवा, रुंद नाकाचा. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, फौजेत असाच ट्रक चालवायचे. सुभेदार होऊन ते कडेगावला परत आले, पुढं काही वर्षांनी आमची शेवटची बैलजोडी म्हातारी होऊन गेली, आणि रिकामी दावण बघवेना म्हणून आण्णांनी हौशाला आणला. गोठ्यात तो मावेना, तेव्हा दारातल्या लिंबाखाली उभा केला. पहिले काही दिवस पुढच्या बंपरला कासरासुद्धा बांधलेला होता. कुणी हसलं की आण्णा म्हणायचे, "सवय हाय. जाईल."

मी अंकिता. सांगलीत ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला आणि तिथल्याच एका शोरूमला लागले. हात काळे करायची केवढी हौस होती मला! पण त्यांनी गाडीखाली जाऊच दिलं नाही, फोनवर बसवलं. 'सर, आपल्या गाडीचं सर्व्हिसिंग ड्यू आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं, की एकदा झोपेत आईलाही तेच ऐकवलं. शेवटी नोकरीला रामराम ठोकून घरी आले आणि जाहीर केलं, की रिकाम्या गोठ्यात गॅरेज काढणार. जुन्या गाड्यांचा कार्बुरेटर उतरवायचा आणि फ्युएल इंजेक्शन बसवून द्यायचं, हा धंदा. नमुना म्हणून पहिला हौशाच.

कार्बुरेटर आणि इंजेक्शन यांत फरक काय, हे मी आण्णांना जेवताना समजावलं. कार्बुरेटर म्हणजे पंगतीत आग्रह करणारा वाढपी. भूक असो नसो, वाढत सुटतो. इंजेक्शनमध्ये एक छोटा कम्प्युटर इंजिनाला किती हवं ते बघतो आणि केसाएवढ्या भोकातून तेवढंच पेट्रोल फवारतो. गाडी कमी पिते, सकाळी लवकर उठते.

"इंजनात कम्प्युटर?" आण्णा म्हणाले. "उद्या शाळंत घालशील त्याला."

पण नाही म्हणाले नाहीत. अट घातली. विट्याचा एक खतवाला गोठा दुकानासाठी मागत होता, त्याला घटस्थापनेपर्यंत थांबवलेलं. "घट बसायच्या आत हौशा औंधाला यमाईच्या डोंगरावर चढवून दाव. फेऱ्या किती मारायच्या त्या मार, पर वाटंत एकदाबी बंद पडता कामा नये. चढला तर गोठा तुजा. न्हाई चढला तर खतवाल्याचा, आन तू आपली शोरूमला. ऑर्डर इज ऑर्डर."

यमाई आमची कुलदेवी, आणि डोंगराचा रस्ता असा की धडधाकट गाड्याही खालीच देवीला हात जोडतात. मी म्हटलं, चालेल.

इंजेक्शनचं किट कोइमतूरहून आलं. माझा चुलतभाऊ गुंडा मदतीला होता. गुंडाचं रस्त्याला पंक्चरचं दुकान आहे, आणि गाडीचा कुठलाही आजार एकतर बॅटरीचा नाहीतर नजरेचा, यावर त्याची अढळ श्रद्धा आहे. आम्ही दोघांनी टाकीत नवा पंप टाकला, खाली बारीक गाळणीचा फिल्टर बसवला, कार्बुरेटरच्या जागी इंजेक्शनची नवी बॉडी चढवली, वायरी ओढल्या. पहिल्याच सेल्फला हौशा जो उठला! अंगणातली कोंबडी छपरावर गेली आणि मी गुंडाच्या गळ्यात पडले. विट्यापर्यंत जाऊन आलो, एक झटका नाही, एक ठसका नाही. येताना मी एवढ्या जोरात गात होते, की उसाच्या फडातली माणसं कामं सोडून बघायला लागली.

मग बेंदूर झाला, आमच्याकडचा बैलांचा सण. आमच्याकडं बैल नसले तरी बेंदूर चुकत नाही. हौशाला धुतला, बंपरला शिंगांसारखा लाल हिंगूळ लावला, आरशांना गोंडे बांधले, आईनं ओवाळून पुरणपोळी बॉनेटवर ठेवली. ती गुंडानं खाल्ली.

पुढच्या रविवारी आम्ही औंधाला निघालो. पुसेसावळीपर्यंत हौशा लोण्यासारखा चालला. डोंगर लागला, आणि अर्ध्यावर, म्युझियमच्या वळणाला, त्यानं एक आचका दिला, दुसरा दिला आणि गप्प झाला. जरा थांबून सेल्फ मारला तर लगेच सुरू! उभ्या जागी गोड गुरगुरतो, चढाला लावला की मान टाकतो. म्युझियम बघायला आलेल्या सहलीच्या पोरांनी आम्हाला ढकलून तोंड खाली वळवून दिलं आणि टाळ्या वाजवल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर आण्णांनी हौशाभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली. "दमलाय," म्हणाले.

"गाडी दमत नसती, आण्णा!"

"तुला काय ठावं?"

मी कंबर कसली. कम्प्युटरच्या गाडीत बिघाड निघाला की आधी वायरीवर संशय, हे मी शिकले होते. अर्थिंगच्या जागा खरवडून पत्रा चकचकीत केला. प्लगच्या वायरी कम्प्युटरपासून लांब नेल्या. रिले बदलला. धुराच्या नळीतला सेन्सर काढून पुसला. कोइमतूरच्या माणसाला इतके फोन केले, की त्याची बायको मला नावानं ओळखायला लागली. तो दरवेळी एकच सांगायचा, "अर्थिंग चेक करो मॅडम." गुंडानं माझ्या नकळत बॅटरी बदलली आणि पुढं लिंबू-मिरची टांगली, म्हणजे दोन्ही आजारांवर एकदम इलाज.

भाद्रपदात परत औंध. परत तेच वळण. आणि या वेळी वळणाच्याही जरा अलीकडंच.

मी खरंच रडकुंडीला आले. घट बसायला आता थोडेच दिवस राहिले होते. खतवाला एकदा येऊन टेप लावून गोठा मोजून गेला होता, आणि जाताना मला म्हणाला, "ताई, शोरूमची नोकरी चांगली अस्ती. सावलीत." त्या टेपनं त्याचं तोंड बांधावं असं वाटलं मला. आण्णा मात्र शांत होते. संध्याकाळी वाटीत तेल-हळद घेऊन गुडघे चोळायला लिंबाखाली जाऊन बसायचे, बस्स.

शेवटी डोक्यात प्रकाश पडला, की मी वायरींच्या मागं लागून पेट्रोलकडं बघितलंच नाही. सांगलीला जाऊन शोरूममधल्या पूजाकडून पेट्रोलचा दाब मोजायचं घड्याळ उसनं आणलं. लांब नळी लावून ते काचेबाहेर बांधलं, आणि गुंडाला शेजारी बसवून तिसऱ्यांदा औंधाला निघाले. गुंडानं कुस्तीच्या फडात सांगतात तसं सांगायला सुरुवात केली.

"काटा जागंवर हाय... जागंवर हाय... चढ लागला मंडळी... काटा हालला! आरं आरं आरं, काटा खाली... लय खाली... काटा चितपट!"

आणि हौशा बंद. मी उडी मारून खाली उतरले आणि रस्त्यातच नाचले. सहलीची नवीन पोरं होती, त्यांना वाटलं आमची गाडी मुद्दाम बंद पडते.

"बंद पडल्यावर नाचतीस व्हय गं?" गुंडा म्हणाला.

"आरं, सापडलं! चढाला इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आन ते पोचतच न्हाई. कुठंतरी तुंबलंय!"

घरी आलो ते थेट फिल्टर काढला. नवाकोरा फिल्टर, पण फुंकर पलीकडं जाईना. करवतीनं कापला आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. आतला कागद पिवळाधमक. चिकट, दाट, नवरदेवाच्या अंगाला लावतात तसला पिवळा.

गुंडा दोन पावलं मागं सरला. "हळद! आंके, करणी हाय ही. मी म्हणत नव्हतो? देवऋषाला बोलवू."

आवाज ऐकून आई बाहेर आली. तिनं बोट लावलं, हुंगलं, आणि तिचा चेहरा असा झाला, की ती हसणार का भडकणार कळेना. "करणी कसली? ही आपल्या घरची हळद हाय, सांगलीच्या पेठंतली. आन त्याल करडईचं." मग सावकाश म्हणाली, "बेंदरापास्नं त्यालाचा डबा भराभर सपतोय. मी म्हटलं, ह्यांच्या गुडघ्यांला तरी किती लागावं!"

तिघांच्याही माना एकदमच वळल्या. आण्णा विहिरीकडून येत होते, ताठ, फौजी चालीनं. गुडघे एकदम झकास दिसत होते.

"आवं," आई म्हणाली, "गुडघं कसं हायती?"

"बरं हायती. का?"

मी कापलेला फिल्टर पुढं धरला. आण्णांनी तो बघितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सुभेदार साहेबांना जमिनीकडं बघताना पाहिलं.

"टाकीत घातलं व्हय तुमी?" मी विचारलं.

"घातलं म्हंजे..." आण्णांनी घसा खाकरला. "बेंदराला बैलाला हळद घालून त्याल पाजत्यात. अंगात ताकद येती. त्योच रिवाज हाय. दर वर्साला पाजतोय मी त्याला. कवा बंद पडला न्हाई!"

खरं होतं. जुना कार्बुरेटर आण्णा दर दिवाळीला स्वतः खोलून धुवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या मोठ्या भोकांतून हळदीचं तेल आरामात निघून जायचं. माझ्या बारीक गाळणीला ते कसं झेपावं?

"आण्णा, बेंदराला एकदा पाजलं असतंत तर एवढं तुंबलं नसतं!"

आण्णा चपलेनं माती उकरायला लागले.

"परत पाजलं?"

"डोंगरावरनं माघारी आला, तवा पाजलं. दमला हुता."

"आन दुसऱ्यांदा माघारी आला तवा?"

"तवा दोन वाट्या."

गुंडा मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. हसता हसता कसंबसं विचारलं, "आण्णा, बैलाला त्यालात अंडीबी घालत्यात की वं! ती घातली न्हवं?"

आण्णा खवळले. "पेट्रोलमदी अंडं कोण घालतं का रं? मला काय येडा समजतोस?"

मग मात्र आईसुद्धा पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसली. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. रात्रंदिवस वायरी खरवडून माझी नखं गेली होती! "आण्णा, मी हरावं असंच वाटत हुतं, तर सरळ सांगायचं हुतंत. खतवाल्याला कवाच दिला असतात गोठा!"

आण्णांनी मान वर केली. आवाज असा होता, की गुंडाचं हसू जागच्या जागी थांबलं. "हरावं म्हणून व्हय? येडे, त्यो चढावा म्हणून पाजत हुतो. तू जिंकावीस म्हणून."

"मंग अट कशाला घातलीत?"

"खतवाल्याला शबुद दिला हुता, लेक हरली तर गोठा तुजा. आता फिरवायचा कसा?"

माझा सगळा राग पेट्रोलसारखा उडून गेला. वाटलं, या माणसाला मिठी मारावी, पण आमच्याकडं तशी पद्धत नाही. म्हणून पाना हातात दिला आणि म्हटलं, "टाकी उतरवायला लागा."

सुभेदार साहेब ट्रकखाली आडवे झाले. मी सांगायची आणि ते "जी" म्हणायचे, म्हणजे चुकून एकदा म्हणाले आणि मग आम्ही तिघांनी त्यांना पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. टाकी उतरवली, आतला पिवळा राडा धुऊन काढला, नळ्या फुंकल्या, नवा फिल्टर बसवला. पेट्रोलच्या भीतीनं दुपारभर आईनं चूल पेटवली नाही. गुंडानं वडापाव आणले आणि ते आम्ही पार रस्त्यापलीकडं बसून खाल्ले.

घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. मी स्टिअरिंगवर, आण्णा शेजारी, मागं आई आणि गुंडा नैवेद्याचा डबा धरून. घड्याळ काचेला तसंच बांधलेलं होतं. डोंगर लागला. आण्णा समोरच्या पत्र्यावर हात ठेवून बसले होते.

म्युझियमचं वळण आलं. मी दुसरा गिअर टाकला. काटा थरथरला आणि जागेवर राहिला. मागून गुंडा ओरडला, "काटा जागंवर!" आणि हौशानं असा काही आवाज काढला, की पायऱ्यांवरची माकडं पळाली. वळण मागं पडलं. त्या वळणाला मी आरशातून जीभ दाखवली. आता आम्ही सगळेच ओरडत होतो. आई 'यमाईच्या नावानं' म्हणायची आणि आम्ही तिघं 'चांगभलं' म्हणायचो. चढ संपला, वरचं पटांगण आलं, आणि हौशा गुरगुरत उभा राहिला.

आण्णा खाली उतरले. वाटलं, आधी देवीला हात जोडतील. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवून नंबर लावला आणि फौजी आवाजात बोलायला लागले, म्हणजे सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं.

"हॅलो, पाव्हणं? कडेगावास्नं बोलतोय. गोठ्याचं इसरा... न्हाई, द्यायचा न्हाई... व्हय, दुसरं गिऱ्हाईक आलंय... भाडं? भाडं कसलं वो? लेक हाय माजी. म्याकॅनिक हाय."

मला एकदम रडूच फुटलं. तोंड लपवायला मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं, तर हौशाचा हॉर्न वाजायला लागला. सगळे भाविक वळून बघायला लागले, गुंडा मागून ओरडला, "आंके, डोस्कं उचल की गं!" पण मला काही ते उचलता आलं नाही, आणि हॉर्न आपला वाजतच राहिला.